ट्रॅव्हल ट्रेलरमधली पाण्याची टाकी आणि पाइपलाइन निर्जंतुक कशी करावी

ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) महिनाभर बंद उभा राहिला की टाकीत उरलेल्या पाण्यातलं क्लोरीन हळूहळू निघून जातं. मागे राहतं ते अंधारातलं, कोमट, न हलणारं पाणी, आणि जिवाणूंना वाढायला तेवढं पुरतं. टाकीच्या भिंतींवर, पाइपांच्या आतून, पंपाच्या जाळीवर एक पातळ बुळबुळीत थर धरायला लागतो. याला बायोफिल्म म्हणतात. नळाखाली ग्लास धरला तर पाणी नितळ दिसतं, कारण थर पाण्यात नसतो, पाइपला चिकटलेला असतो. त्याच्या आत बसलेल्या जिवाणूंपर्यंत साध्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पोहोचत नाही.

'आम्ही टाकीतलं पाणी पितच नाही, प्यायला बाटलीचं आणतो' असं बरेच जण म्हणतात. पण त्याच पाण्याने दात घासले जातात, भाजी आणि भांडी धुतली जातात, अंघोळ होते. लेजिओनेला हा जिवाणू साधारण 25 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणजे धोका फक्त पिण्यापुरता नाही. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

ते करायचं केव्हा? बराच काळ उभा ठेवलेला ट्रेलर पुन्हा बाहेर काढताना, जुना ट्रेलर विकत घेतल्यावर, पाण्याला वास किंवा वेगळी चव आली तर, आणि कुठल्या तरी संशयास्पद नळावर टाकी भरावी लागली असेल तर. ट्रेलर अगदी नवा असला तरी पहिल्या वापराआधी करा. कारखान्यातल्या चाचणीचं पाणी आणि प्लॅस्टिकचा भुसा पाइपांत राहिलेला असतो. नियमित वापर असेल तर वर्षातून दोनदा करणं चांगलं.

पद्धत अशी: टाकी आणि पाइपांत ब्लीचचं पातळ द्रावण भरायचं, काही तास ठेवायचं आणि धुऊन काढायचं. या कामात बहुतेकांचं सगळं लक्ष ब्लीच किती घालायचं याकडे असतं. प्रमाण ठरवणं हा यातला सोपा भाग आहे, ते दोन मिनिटांत होतं. अवघड काम आहे ते द्रावण प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचवण्याचं. एक बाहेरचा शॉवर विसरला तर त्या दीड मीटर पाइपमधले जिवाणू बाकीच्या पाइपलाइनमध्ये परत येतात. दुप्पट ब्लीच घालून ही चूक भरून निघत नाही, उलट रबरी वायसर आणि पंपाचा पडदा खराब होतो.

आधी पाण्याचा रस्ता पाहा

टॉर्च घेऊन खाली वाका, पलंगाखालची फळी उचला आणि पाणी कुठून कुठे जातं ते कागदावर काढा. टाकीतून पाणी आधी जाळीत येतं, तिथून 12 व्होल्टच्या पंपात आणि पंपातून पाइपांत. बहुतेक ट्रेलरमध्ये थंड पाण्याचा पाइप निळा आणि गरम पाण्याचा लाल असतो. दुसरा रस्ता बाहेरच्या नळजोडणीचा. तिथे पाणी टाकी आणि पंप दोन्ही टाळून थेट पाइपांत शिरतं. जोडणीच्या तोंडापाशी एकाच दिशेने पाणी सोडणारा चेक व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पंपाने कितीही द्रावण फिरवलं तरी या तोंडाच्या आतला भाग कोरडाच राहतो. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

आता पाणी जिथे अडून राहतं त्या जागा लिहून काढा: बाहेरचा शॉवर, शौचालयाची टाकी भरणारी नळी आणि हातफवारा, फ्रिजचा बर्फयंत्राकडे जाणारा पाइप, वॉशिंग मशीनची जोडणी, सगळ्यात खालचे निचऱ्याचे नळ (थंड आणि गरम मिळून सहसा दोन), अँटिफ्रीझ (हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून भरायचा द्रव) ओढून घेण्यासाठी पंपाजवळ ठेवलेली नळी, आणि वॉटर हीटरच्या मागचा बायपास, म्हणजे हीटर टाळून पाणी पुढे नेणारी जोडणी. ही यादी हातात ठेवूनच पुढचं काम करा. द्रावण भरताना एकदा खुणा करायच्या आणि धुताना पुन्हा एकदा.

ब्लीच कुठलं आणि किती

साधं, बिनवासाचं, पातळ ब्लीच घ्या. सुगंधी नको, रंगीत कपड्यांसाठीचं नको आणि 'शिंतोडे उडत नाहीत' असं लिहिलेलं दाट ब्लीच तर अजिबात नको. दाटपणासाठी घातलेली रसायनं पाइपांतून सहज निघत नाहीत. जलतरण तलावात टाकायच्या गोळ्यांमध्ये बहुधा क्लोरीन टिकवणारं सायन्यूरिक ॲसिड असतं, त्याही वापरू नका.

बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं टक्केवारीतलं प्रमाण लिहिलेलं असतं. आपल्याला पाण्यात दर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन हवं. त्यासाठी सोपा हिशेब असा: पाण्याचे एकूण लिटर गुणिले 5, भागिले बाटलीवरची टक्केवारी. उत्तर मिलिलिटरमध्ये येतं. 150 लिटर पाणी आणि 5 टक्क्यांचं ब्लीच असेल तर 150 मिलिलिटर. तेच ब्लीच 6 टक्क्यांचं असेल तर 125 मिलिलिटर.

'एकूण लिटर' म्हणजे नुसती टाकी नव्हे. हीटरमध्ये साधारण 23 किंवा 38 लिटर मावतात, आणि पाइपांचे थोडे वेगळे. हे पाणीही टाकीतूनच जातं, म्हणून ब्लीच दोनदा मोजायचं: आधी टाकीच्या लिटरांसाठी, मग टाकी पुन्हा भरताना या वाढीव लिटरांसाठी. हीटर साध्या पाण्याने भरलेला ठेवून टाकीतलं द्रावण त्यात ढकललं तर ते तिथे पातळ होतं आणि गरम पाण्याच्या पाइपांना निम्मं बळ मिळतं. म्हणून हीटर आधी रिकामा करायचा.

ब्लीच जुनं होतं. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली आणखी लवकर मरते. वर्षापूर्वी उघडलेली बाटली या कामाला घेऊ नका. क्लोरीन तपासायच्या पट्ट्या दोन प्रकारच्या घ्या: एक 100 मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारी, दुसरी 0 ते 10 मिलिग्रॅमची. पहिली द्रावणासाठी, दुसरी शेवटच्या धुण्यासाठी. नाकावर विसंबून राहू नये. थोड्या वेळात नाकाला वासाची सवय होते.

आणि एक इशारा गांभीर्याने घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि क्षार काढायचं ॲसिड, ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर यांची गाठ कधीही पडू देऊ नका. ॲसिडशी मिसळल्यावर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाशी मिसळल्यावर क्लोरामाइन. ट्रेलरच्या बंद जागेत दोन्ही जिवावर बेतू शकतात. टाकीत क्षार साचलेले असतील तर व्हिनेगरने धुण्याचं काम वेगळ्या दिवशी करा आणि तो अंश पूर्ण निघून गेल्यावरच ब्लीचकडे वळा. काम करताना खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा.

रिकामं करा, मळ काढा

हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करा. पाणी थंड व्हायला काही तास द्या. मग ट्रेलरमधला गरम पाण्याचा एक नळ उघडून दाब जाऊ द्या, आणि त्यानंतरच हीटरचं बूच पान्ह्याने सोडवा. दाबाखालचं गरम पाणी बुचासकट अंगावर येतं, त्यामुळे या क्रमात बदल नको. बुचासोबत लांब धातूची कांडी बाहेर आली तर तो ॲनोड रॉड. स्टीलच्या हीटरमध्ये तो असतो आणि टाकीऐवजी स्वतः गंजून टाकी वाचवतो. तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदला. ॲल्युमिनियमच्या हीटरमध्ये रॉड नसतो आणि तिथे तो बसवायचाही नसतो. बूच काढल्यावर पाइपची धार आत सोडून तळाचा पांढरा गाळ बाहेर काढा, नाही तर तो गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

मुख्य टाकी आणि खालचे निचऱ्याचे नळ उघडून सगळं पाणी जाऊ द्या. पाण्याचा फिल्टर असेल तर कार्ट्रिज काढा आणि रिकामं भांडं परत बसवा. कार्बनचा फिल्टर क्लोरीन शोषून घेतो, म्हणजे द्रावणही फुकट जातं आणि फिल्टरही. नळांच्या तोंडावरच्या बारीक जाळ्या काढून ठेवा. थर सुटून आला की सगळ्यात आधी त्याच तुंबतात. पंपापुढची जाळीही उघडून धुवा. बहुतेकदा सगळ्यात घाण इथेच सापडते.

हिवाळ्यासाठी पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलं असेल तर ते साध्या पाण्याने आधी पूर्ण काढा. जोवर नळाला गुलाबी छटा किंवा फेस येतो तोवर ब्लीच घालण्यात अर्थ नाही.

बराच काळ पडून असलेल्या टाकीला मी ब्लीचआधी एकदा नुसत्या पाण्याने धुण्याची शिफारस करेन. टाकी एक तृतीयांश भरा, मोकळ्या जागेत ट्रेलर सावकाश पुढेमागे ओढा, पाणी आत हेलकावू द्या आणि सोडून द्या. क्लोरीन मळाशी आणि जिवाणूंशी सारखंच वागतं: जे आधी भेटेल त्यावर खर्च होतं. मळ पाण्याने गेला तर ब्लीच जिवाणूंसाठी उरतं.

मग हीटरचं बूच टेफ्लॉन टेप लावून घट्ट बसवा, निचऱ्याचे नळ बंद करा आणि बायपासचे व्हॉल्व्ह अशा स्थितीत आणा की पाणी हीटरमधून जाईल. हीटरच्या पुस्तिकेत क्लोरीनला मनाई असेल तर मात्र पुस्तिकाच पाळा.

द्रावण भरणं आणि पोहोचवणं

मोजलेलं ब्लीच थेट टाकीत ओतू नका. घट्ट ब्लीच पाण्यापेक्षा जड असतं, तळाशी बसतं आणि तिथल्या रबरी जोडांवर पडून राहतं. बादलीभर पाण्यात ते ढवळा, नरसाळ्याने टाकीत ओता आणि मग पिण्याच्या पाण्याच्या पाइपने टाकी भरायला लावा. पाण्याच्या जोराने मिश्रण आपोआप होतं. टाकी काठोकाठ भरून वरच्या हवेच्या नळीतून पाणी बाहेर पडेपर्यंत थांबा. टाकीचं छत आणि ती हवेची नळी भिजवण्याचा हाच सरळ मार्ग आहे. द्रावण हलावं म्हणून भरलेला ट्रेलर रस्त्यावर फिरवायचा सल्ला मिळतो, पण तो मला पटत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाणी फारसं हलतच नाही, आणि 150 लिटर म्हणजे दीडशे किलो वजन विनाकारण ओढावं लागतं.

काही ट्रेलरमध्ये ओतायला तोंडच नसतं, टाकी फक्त दाबाच्या जोडणीने भरते. तिथे मोजलेलं ब्लीच थोड्या पाण्यात ढवळून भरायच्या पाइपमध्येच ओतून पाइप जोडता येतो. अँटिफ्रीझ ओढायची नळी बादलीत सोडून पंप चालवला तर द्रावण पाइपांत जातं, टाकीत नाही, म्हणून टाकीसाठी पहिलाच मार्ग वापरा.

आता पंप सुरू करा आणि गरम पाण्याचा नळ आधी उघडा. हीटर भरेपर्यंत नळातून फुसफुसत हवा येईल, मग अखंड धार लागेल. धारेला ब्लीचचा वास आला की पट्टी बुडवा. 50 च्या आसपास दिसलं की तो नळ बंद करून पुढच्याकडे. स्वयंपाकघर, बेसिन, अंघोळीचा शॉवर, प्रत्येक ठिकाणी थंड वेगळं आणि गरम वेगळं. मग बाहेर जाऊन बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ. शौचालयाचं पाणी दोन-तीनदा सोडा आणि हातफवारा दाबा. खालचे निचऱ्याचे नळ क्षणभर उघडून पेलाभर द्रावण जाऊ द्या. अँटिफ्रीझची नळी बादलीतल्या द्रावणात बुडवून काही सेकंद पंपाला ओढू द्या. बर्फयंत्राच्या पाइपला क्लोरीन चालतं का ते त्याच्या पुस्तिकेत पाहा. दरम्यान सांडपाण्याच्या टाकीकडे लक्ष असू द्या, ती भरून शॉवरच्या जाळीतून वर यायला वेळ लागत नाही.

शेवटी बाहेरची नळजोडणी. रिकामा पाइप घ्या, द्रावणाने भरा (सात-आठ मीटरच्या पाइपात जेमतेम लिटरभर मावतं), एक टोक ट्रेलरला आणि दुसरं दाब-नियंत्रक लावून बाहेरच्या नळाला जोडा. पंप बंद ठेवून आतला एक नळ उघडा, बाहेरचा नळ दोन-तीन सेकंदच सोडा आणि दोन्ही बंद करा. तोंडाच्या आतला तो कोरडा भाग आता भिजला, आणि पाइपही आतून निर्जंतुक व्हायला लागला.

एवढं झाल्यावर टाकीतली पातळी पंचवीस-तीस लिटरने, मोठा हीटर असेल तर आणखी, खाली गेलेली असेल, कारण तेवढं द्रावण हीटर आणि पाइपांत गेलं. त्याच प्रमाणात नवं द्रावण करून टाकी पुन्हा काठोकाठ भरा. ही पायरी वगळली तर टाकीचं छत कोरडं राहतं.

थांबायचं किती

50 मिलिग्रॅमच्या द्रावणाला चार तास द्या. पाणी फार गार असेल तर रात्रभर ठेवलं तरी चालेल, कारण थंडीत क्लोरीन सावकाश काम करतं. 24 तासांपेक्षा जास्त मात्र नको. हा सगळा वेळ हीटर बंद.

चार तासांनी दोन वेगवेगळ्या नळांवर पट्टी लावा. आकडा थोडा उतरलेला असणं ठीक आहे. निम्म्याहून खाली गेला असेल, तर आत अजून बराच थर आहे आणि तो क्लोरीन खातो आहे. अशा वेळी ब्लीच वाढवून घालण्यापेक्षा सगळं सोडून द्या आणि नव्या द्रावणाने पुन्हा एकदा तेच करा. दुसऱ्या वेळी आकडा टिकतो.

द्रावण सोडायचं कुठे

50 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी माशांना मारतं. ते ओढ्यात, तळ्यात, पावसाच्या गटारात किंवा झाडांच्या मुळाशी सोडायचं नाही. सांडपाणी स्वीकारण्याच्या जागी सोडणं सर्वांत चांगलं. तिथे सेप्टिक टाकी असेल तर आधी क्लोरीन मारून घ्या. त्यासाठी साधी क जीवनसत्त्वाची पूड म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड पुरते: 1 ग्रॅम क्लोरीनला अडीच ग्रॅम. 150 लिटरच्या पूर्ण बळाच्या द्रावणात साडेसात ग्रॅम क्लोरीन असतं, म्हणजे सुमारे 19 ग्रॅम पूड. ती पाण्यात विरघळवून टाकीत घाला, मिसळू द्या आणि पट्टीवर शून्य पाहा. ही पूड पातळ द्रावणातच घालायची, ब्लीचच्या बाटलीजवळही न्यायची नाही.

धुणं

टाकी, हीटर आणि निचऱ्याचे नळ पुन्हा पूर्ण रिकामे करा. इथे घाई केली तर पुढे तीन-चार टाक्या पाणी वाया जातं. हिशेब करून पाहा: 150 लिटरच्या टाकीत तळाशी 5 लिटर द्रावण राहिलं आणि टाकी पुन्हा भरली, तर क्लोरीन दर लिटरला 1.7 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची 4. म्हणजे नीट निचरा केला तर पहिल्याच भरणीत पाणी मर्यादेच्या आत येतं आणि दुसरी भरणी चवीसाठी. हीटर मात्र रिकामा केला नसेल तर गरम पाण्याला कितीतरी दिवस ब्लीचचा वास येत राहतो आणि लोक उगाच टाकी धूत बसतात.

धुताना तीच यादी, तेच नळ, त्याच खुणा. बाहेरची जोडणीही साध्या पाण्याने. वास घालवायला खाण्याचा सोडा टाकण्याची पद्धत आहे, पण सोडा क्लोरीन नष्ट करत नाही. त्यापेक्षा आणखी एकदा पाणी फिरवा आणि कमी टप्प्याच्या पट्टीने खात्री करा.

मग जाळ्या परत लावा, फिल्टरमध्ये नवं कार्ट्रिज बसवा. हीटर सुरू करण्याआधी गरम नळातून अखंड धार येते आहे ना ते पाहा. कोरड्या हीटरमध्ये विजेचा एलिमेंट क्षणात जळतो.

फक्त गरम पाण्यालाच कुजका वास येत असेल तर

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मॅग्नेशियमच्या ॲनोड रॉडच्या साथीने तो तयार करतात. वरची प्रक्रिया हीटरमधून केली की तो जातो. महिन्याभरात परत आला तर मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियमचा रॉड लावून पाहा.

पुढच्या वेळेपर्यंत

ट्रेलर उभा करायचा असेल तेव्हा टाकी आणि हीटर रिकामे ठेवा. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळाच असू द्या आणि मैल्याची टाकी धुवायच्या पाइपशी त्याची कधी अदलाबदल होऊ नये म्हणून रंग वेगळा घ्या. काम संपल्यावर त्यातलं पाणी झटकून काढा आणि दोन्ही टोकं एकमेकांत फिरवून बसवा, म्हणजे धूळ आणि किडे आत जाणार नाहीत. नव्या ठिकाणी नळाला पाइप लावण्याआधी नळाचं तोंड पातळ ब्लीचच्या फडक्याने पुसा आणि थोडं पाणी वाहू द्या, कारण तुमच्या आधी तिथे कोणी काय धुतलं ते तुम्हाला माहीत नसतं.